पुतळ्याचा शर्ट

दिनकररावांचा गुडघा बरोबर चार वाजता दुखायला लागला. साडेपाचला त्यांच्या लेकीचं व्याख्यान होतं, दांडिया बाजारातल्या सभागृहात.

"मला काही जमायचं नाही, यशू. जिना आहे तिथं," ते सोफ्यावरून म्हणाले.

यशश्री कॉलेजात इतिहास शिकवायची. आपल्या मराठी माणसांपुढे ती आज पहिल्यांदाच बोलणार होती. तिनं नुसते कागद आवरले. गुडघ्याला काहीही झालेलं नाही, हे हरणीच्या त्या फ्लॅटमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. दांडिया बाजारात त्यांच्या कारखान्यातली जुनी माणसं भेटतात, आणि तिथल्या संपानंतर गेली बावीस वर्षं दिनकरराव त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते.

तेवढ्यात बेल वाजली. निरुपमाबाईंनी दार उघडलं, तर दारात कोण? पिलाजीराव! त्या संपात फाटकावर सगळ्यात मोठ्यानं घोषणा देणारा पिलाजीराव. आता डोकं पांढरं झालेलं, काखेत कापडी पिशवी.

"केम छो, वहिनी? आत घेताय, का इथूनच वाटेला लावताय?"

दिनकरराव ताडकन उठून उभे राहिले. गुडघ्याचं भानच राहिलं नाही बिचाऱ्यांना.

पिलाजीराव खुर्चीच्या कडेवर टेकले. चिवड्याची बशी त्यांनी बाजूला सारली, नुसतं पाणी प्यायले आणि यशश्रीकडे वळले. "बाजारात फळ्यावर तुझ्या भाषणाचा कागद लावलाय. 'ज्याचे पुतळे जाळले तो दूत'. खाली तुझं नाव, बापाचं नाव. वाचलं आणि पाय तिथंच थबकले माझे. कोण गं हा बाबा? मला आत्ताच सांग. याच्यासमोर."

यशश्रीनं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि सांगायला लागली.

"अमेरिका नुकती कुठं उभी राहत होती, काका. तिजोरीत खडखडाट, आरमार म्हणावं असं काही नाही, आणि इंग्रज त्यांची जहाजं धरत होते. लोक म्हणत होते, लढाईच करा. राष्ट्राध्यक्षांनी जॉन जे नावाच्या माणसाला लंडनला बोलणी करायला पाठवलं. साल सतराशे चौऱ्याण्णव. तो तह करून आला, पण लोकांना हवं होतं त्यातलं बरंचसं तहात नव्हतंच. झालं! विकला गेला म्हणाले. गावोगाव त्याचे पुतळे जाळले. त्या पुतळ्यांच्या उजेडात आपण रात्रीचा सगळा देश पायी फिरू शकू, असं तो म्हणाला, असं सांगतात."

"आणि लढाई?"

"टळली ना. चांगली अठरा वर्षं. तेवढ्यात देशाला दम खायला मिळाला."

पिलाजीरावांनी मान हलवली. "ऐकलंस, दिनकर? एकसष्ट दिवस संप चालला होता. मालक कुलूप घेऊनच बसला होता. तू आमच्या वतीनं आत बोलायला गेलास, पगारवाढ सोडून आलास आणि तीनशे चाळीस माणसांची नोकरी घेऊन आलास. आणि आम्ही म्हणालो, दिनकर फुटला." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "त्याच नोकरीवर माझी पोरगी मंदा शिकली. त्याच नोकरीतून मी हार घालून घेऊन रिटायर झालो. तुझे उपकार आहेत रे. कितीदा वाटलं यावं. पण कुठल्या तोंडानं येऊ?"

मग त्यांनी पिशवीतून शर्ट काढला. आकाशी, नवाकोरा.

"आम्ही जाळला त्या तुझ्या पुतळ्याला तुझाच शर्ट घातला होता. काम सुरू झालं त्या दिवशी कारखान्यातल्या खुंटीवरून मी काढला. काडीही मीच ओढली."

दिनकरराव शर्टाकडे बघतच राहिले. त्या दिवशी ते बनियनवर स्कूटर चालवत घरी आले होते. शर्ट मशीनमध्ये गेला, मी थोडक्यात वाचलो, असं बायकोला सांगितलं होतं. निरुपमाबाईंनी तो दिवाळीला स्वतः शिवलेला.

"मशीनमध्ये गेला होता ना हो?" निरुपमाबाईंनी विचारलं.

"अगं, तुला उगाच..."

"पेपरात त्या पुतळ्याचा फोटो आला होता. माझ्या हातचा खिसा मी ओळखणार नाही होय? तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. शेवटी मीच यशूला सांगितलं."

दिनकरराव लेकीकडे वळले. "म्हणून हा विषय घेतलास?"

"शेवटच्या पानावर एका माणसाचे आभार आहेत, बाबा," यशश्री म्हणाली. "तो समोर नसला तर मी ते कुणाकडे बघून वाचू?"

दिनकररावांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. एवढी वर्षं कुणीतरी एकदा 'बरं केलंस' म्हणावं म्हणून जीव तडफडत होता, आणि आज घरातून-दारातून एकदमच आलं सगळं. त्यांनी शर्ट अंगात घातला. खांदे उतरले, बाह्या बोटांवर आल्या.

"मोठा झाला रे," पिलाजीराव ओशाळले. "माप पुतळ्याचंच लक्षात होतं."

"त्यात पेंढा होता, गाढवा," दिनकरराव बाह्या दुमडत म्हणाले. "चल, बस माझ्या मागं. पहिली रांग धरायचीय."

"आणि तिथला जिना?" निरुपमाबाईंनी विचारलं. तोवर दिनकरराव दोन मजले उतरून खाली पोचलेही होते.

स्कूटर सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली, तेव्हा पिलाजीरावांनी मागून त्यांचा शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरला होता.

"सोड रे, नवा आहे, फाटेल!" दिनकरराव ओरडले.

पिलाजीरावांनी काही तो सोडला नाही.