मेलेल्या मामांचा चष्मा

"काकू, दाढ कशी आहे आता?" डॉक्टरीणबाईंनी सोफ्यावर टेकायच्या आधीच विचारलं.

"छान आहे," मास्तरांची बायको म्हणाली आणि गालावरचा हात घाईघाईने खाली घेऊन चहा ठेवायला आत गेली.

मास्तर खुर्चीत अंग चोरून बसले. रविवारी सकाळी दातांची डॉक्टर घरी येते ती काही दाढेची चौकशी करायला नव्हे, हे न कळायला ते कुक्कुलं बाळ नव्हते. बाईंच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून त्यांच्या पहिल्यावहिल्या कादंबरीचा निळा कोपरा डोकावत होता. त्याच कादंबरीची मास्तरांनी गेल्या रविवारी साप्ताहिकात पार सालटी काढली होती.

तसा मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला. पण वीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहून लेखकमंडळींत त्यांचं नाव पडलं होतं करवत. पुस्तक दोनदा वाचायचं, वाचताना पानांचे आकडे टिपून ठेवायचे आणि जे खुपलं ते पान सांगून लिहायचं. भीडभाड नाही. या कादंबरीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'पान एकशे चारवर मामा वारतात. पान एकशे वीसवर तेच मामा चष्मा शोधत घरभर फिरतात. आपली माणसं जिवंत आहेत की गेली, हे निदान लेखिकेला तरी ठाऊक असावं.'

ते वाचल्यापासून बायकोने त्यांना धारेवर धरलं होतं. "माझी दाढ अर्धी कोरून ठेवलीय तिने. आता तिच्यासमोर आ तरी कुठल्या तोंडाने करू? बाकी सगळ्यांनी चांगलं लिहिलं, तुमच्याच पोटात का दुखलं? चांगलं बोलता येत नसेल तर माणसाने गप्प बसावं. कुणाचं काय अडतं?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. वीस वर्षांत त्यांच्या परीक्षणांनी एकही पुस्तक सुधारल्याचं त्यांना आठवेना. दुरावलेली माणसं मात्र ढीगभर आठवली. आजच सकाळी त्यांनी बायकोला शब्द दिला, की यापुढे वाईट परीक्षण लिहायचं नाही. आणि नुसतं गोड लिहिणं आपल्याच्याने होणार नाही, म्हणून सदर बंद करण्याची चिठ्ठीही संपादकांच्या नावे लिहून टाकली. ती टेबलावर पेपरवेटखाली होती. बायको खूश झाली. तिने आपला चहा निववून निववून, एका बाजूने घेतला. मास्तरांचा कपात तसाच राहिला. आपल्याला आवडणारं एकच काम उरलं होतं, तेही गेलं, असं त्यांना वाटत होतं.

"सर, तुमचं परीक्षण वाचून मी दोन दिवस जेवले नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी माफी मागतो. पुढच्या अंकात तसं छापायला सांगतो."

"आधी ऐका तर." बाईंनी पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून मी हे उघडलं. छापून आल्यावर पहिल्यांदाच. आपलंच पुस्तक वाचायचा धीर होत नव्हता मला. आणि बघते तर काय, मामा खरंच मेल्यावर चष्मा शोधतायत."

झालं होतं ते असं. प्रकरणांना आकडे नव्हते, नुसती नावं होती. छापण्याआधी प्रकरणं तपासायला आली तीही सुटी सुटी, आणि बाईंनी ती डोळ्यांत तेल घालून तपासली होती. पण छापखान्यात पानं लावताना दोन प्रकरणांची अदलाबदल झाली. पानांचे आकडे मात्र एकापुढे एक, बिनचूक. सगळ्या प्रती तशाच बांधून बाहेर पडल्या होत्या.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे चूक तुमची नव्हतीच. मी उगाच तुमच्यावर तोंडसुख घेतलं."

"घेतलंत, आणि बरं केलंत. प्रकाशकांनी प्रती परत मागवल्यात, नव्याने छापून देतायत." बाईंना आता हसू आवरत नव्हतं. "सात परीक्षणं आली होती सर. सातही गोड. एकाने लिहिलंय, कथानकाची वीण इतकी घट्ट आहे की एक प्रकरण इकडचं तिकडे करता येणार नाही."

मास्तर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत ते असे हसले नव्हते.

"कौतुक सात जणांनी केलं, वाचलं तुम्ही एकट्याने," बाई म्हणाल्या. "माझ्या दवाखान्यातही तसंच आहे. दुखतंय म्हणून ओरडणारा पेशंट परवडतो. छान आहे, छान आहे म्हणणाऱ्याचं मी काय करणार? नवी प्रत आली की पाठवते. काय खुपतंय ते लिहा."

मास्तरांनी हळूच पेपरवेट उचलला, चिठ्ठीची चार घड्यांची पुडी केली आणि खिशात टाकली. मग बायकोकडे बघितलं. दिलेला शब्द मोडत होते, तेव्हा आता तोफ सुटणार हे ते धरूनच चालले होते.

बायको दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ट्रे सावकाश टेबलावर ठेवला, मास्तरांच्या खिशाकडे एकदा पाहिलं आणि हात पुन्हा गालावर नेला.

"डॉक्टर, मग एक सांगू का? तीन खेपा झाल्या, तुम्ही कोरताय ती दाढ दुखतच नव्हती. दुखते ती तिच्या शेजारची."