उघाडीवरचा बगळा

‘भरती चढली, उघाडी बंद झाली’ असा संदेश मोबाइलवर आला, तरी बुधाजी गमबूट चढवतच होता. खाडीचं पाणी बाजारात शिरू नये म्हणून बांधावरची ही झडप तो तीस वर्षं हाताने पाडत आला होता. नगरपरिषदेने तिला मोटर बसवून आठवडाच झाला होता. कमळ दार अडवून उभी राहिली. गेल्या उधाणात तिचा हा नवरा बांधावरून घसरून थोडक्यात वाचला होता. “मोबाइलला खोटं बोलायला काय जातंय?” तो म्हणाला. “मंग त्यातच उघाडीवरचा कॅमेरा बघा!” पडद्यावर बांधाबाहेर खाडी उसळत होती आणि आत नाल्यात एक बगळा निवांत उभा होता. “गुडघं बी बुडलं न्हायत त्याचं. बंद हाय गो!” बुधाजीने गमबूट काढले. कमळने दोन ताटं वाढली. उधाणाच्या दुपारी नवऱ्याबरोबर जेवायची तिची ही पहिलीच वेळ होती.