अर्ध्या फेऱ्याची परीक्षा

गॅरेज शंभर पावलांवर आलं तेव्हा एल्सिराने गाडी थांबवली, पाना घेतला, इंजिनाचं झाकण उचललं आणि डिझेलच्या नळीचा नट बरोबर अर्धा फेरा सैल केला. हात पुसून ती पुन्हा स्टिअरिंगमागे बसली. गाडी आता आचके देत चालू लागली.

मेकॅनिक पारखायची ही परीक्षा तिच्या नवऱ्याने, ओरासियोने काढलेली. नळीत हवा शिरली की इंजिन उचक्या देतं, आणि जाणत्या माणसाला ते दोन मिनिटांत कळतं. नुसता नट आवळून देईल तो पास. ओरासियो जाऊन दोन वर्षं झाली, तरी परीक्षा चालूच होती. या आठवड्यात दोघे नापास झाले होते. एकाने नवा पंप घ्यायला सांगितला, दुसरा अख्खं इंजिनच खाली उतरवायला निघाला.

ही गाडी म्हणजे जुन्या बसचं केलेलं घर, आणि तेच आता तिचं एकमेव घर होतं. राजधानीजवळच्या आवेज्यानेदातला फ्लॅट तिने केव्हाच विकला होता. मुलगी मारिएला दर फोनला म्हणायची, "मम्मा, पुरे झालं भटकणं. आमच्या मागच्या खोलीत ये राहायला." त्या मागच्या खोलीची एल्सिराला भारी धास्ती होती. डोंगर ओलांडून चिलेत उतरायचं, समुद्रासमोर गाडी लावायची आणि तिथून मुलीला फोटो धाडायचा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. पण त्या घाटासाठी इंजिन खणखणीत हवं. मुक्कामाच्या तळावर भेटलेल्या, तिच्यासारख्याच गाडीत राहणाऱ्या सगळ्या भटक्यांनी तिला एकच नाव सांगितलं होतं: पोसो ब्लांको गावचा मेकॅनिक सानोत्ती.

दुपारचे अडीच वाजले होते. पोसो ब्लांको गाढ झोपलेलं होतं. राजधानीच्या बाजूला वाढलेल्या एल्सिराला ही दुपारची झोप म्हणजे निव्वळ आळस वाटायचा. गावभर एकच माणूस जागा दिसला. 'सानोत्ती' अशा पाटीखाली गॅरेजचं शटर ओढलेलं होतं आणि बाहेर तुतीच्या सावलीत तो हत्यारांच्या पेटीवर बसला होता.

"तुम्हीच का सानोत्ती?"

"या उन्हात इथं दुसरं कोण मरायला येणार, बाई?"

"सगळं गाव घोरतंय आणि तुम्ही कामावर! शाबास!"

"दुपारी काम बरं होतं. मध्ये कुणी कडमडत नाही."

त्याने इंजिन चालू करून कान लावला. झाकण उघडलं, नळीवरून बोट फिरवलं, नट आवळला, हातपंप मारून हवा काढली. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"हा नट आपोआप सैल झालेला नाही," तो म्हणाला. "पान्याची ताजी खूण आहे. कुणीतरी मुद्दाम केलंय. जपून राहा बाई, रस्त्यावर कसली कसली माणसं भेटतात."

एल्सिराला हसू दाबता दाबता नाकी नऊ आले. "किती झाले?"

"नट आवळायचे? एवढ्याशासाठी हात पसरणारा मी नाही."

दहापैकी दहा! एकतीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं होतं. कॉपी करणारं पोर ती चेहऱ्यावरून ओळखायची, आणि या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

"मग आता खरं काम घ्या," ती म्हणाली. "व्हॉल्व्ह जुळवायचेत, ऑइल बदलायचंय. घाट चढायचाय मला."

तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. "टायर नवे दिसतात. टाकी?"

"काठोकाठ."

"मग ही आजसुद्धा घाट चढेल."

तिला गहिवरून आलं. इतकं धीराचं तिच्याशी दोन वर्षांत कुणी बोललं नव्हतं. तिने थर्मास काढून त्याच्यासाठी माते, तिकडचा कडवट चहा, भरला. त्याने एकच घेतला आणि 'ग्रासियास' म्हणून भांडं परत केलं, म्हणजे आता पुरे.

"शटर उघडताय का? आत जरा टेकते."

"बंदच असू दे. आत भट्टी झाली असेल. तुम्ही चौकात झाडाखाली बसा. पाचला या. पाच वाजता सानोत्ती तुमच्यासमोर उभा असेल, माझा शब्द."

स्वतःचंच नाव घेऊन बोलणाऱ्या माणसांची तिला गंमत वाटायची. तिचे हेडमास्तरही तसेच बोलायचे. तिने किल्ली त्याच्या हातात दिली, पर्स आणि थर्मास उचलला, आणि दोन पावलं जाऊन मागे वळली.

"अहो, चाचणीला हमरस्त्यावर नेलीत तर पोलीस अडवतील. कागद समोरच्या खणात आहेत."

"तुम्ही सगळा विचार करता, बाई," तो मनापासून म्हणाला.

चौकातल्या बाकावर बसून तिने मारिएलाला आवाजी निरोप पाठवला. "ती मागची खोली भाड्याने देऊन टाक. मला माझा मेकॅनिक मिळाला. माणूस ओळखायचं तुझ्या आईला कुणी शिकवायला नको!"

पाच वाजले तशी एकेक दुकानाची फळी निघाली. बेकरीतून तिने त्याच्यासाठी अर्धा डझन गरम मेदियालुना, चंद्रकोरीसारखे गोड पाव, घेतले आणि झपझप गॅरेज गाठलं. तुतीखाली गाडी नव्हती. चाचणीला नेली असणार. माणूस वेळेचा पक्का आहे, म्हणून तिने शटरसमोरच उभं राहायचं ठरवलं.

समोरच्या घराचं दार उघडलं. सपाता फरफटत एक जाडा म्हातारा रस्ता ओलांडून आला. गालावर उशीचा वळ अजून ताजा होता. त्याने जांभई दिली, खिशातून किल्ली काढली, खाली वाकून शटरचं कुलूप उघडलं आणि कमरेवर हात देऊन सरळ झाला.

"बोला, बाई. मी सानोत्ती. गाडी कुठे लावलीय तुमची?"