खालून तिसरं फूल

आईच्या उशाशी ऑर्किडची कुंडी होती. तिच्यावर फुलं अकरा, आणि हुबेहूब फुलासारखा दिसणारा प्रार्थना कीटक एक. एकोणीस दिवस आईचा ताप एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या खाली येत नव्हता. तिचं मन रमावं म्हणून मी तो कीटक प्रयोगशाळेतून आणला होता.

रोज सकाळी तो कुठे बसलाय ते ओळखायचं. मी ब्रशने एकेक फूल हलवून बघायचे. आई पडल्या पडल्या सांगायची, आणि तिचंच बरोबर निघायचं.

काल तो मेला. आईने धीर सोडू नये म्हणून मी त्याला गुपचूप डबीत ठेवलं.

आज ती म्हणाली, "तो बघ, खालून तिसरा. अहो शास्त्रज्ञबाई, चष्मा पुसा जरा!"

मी डबी उघडली. तो आतच होता. मग फुलं मोजली. बारा भरली.

ब्रश लावल्यावर अकरा फुलं नुसती हलली. खालून तिसरं सावकाश आईकडे वळलं.

"थरथरतंय गं लेकरू," आई म्हणाली, आणि तिने त्याला आपल्या पांघरुणाच्या टोकाचा आडोसा केला.

मी दोघांचंही तापमान मोजलं. आई, छत्तीस पूर्णांक आठ. फूल, एकोणचाळीस पूर्णांक चार.