नऊ माणसं

ग्रंथपालकाकांनी पुन्हा एकदा मोजून बघितलं. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, ही त्यांची जुनी रीत. धर्मग्रंथातलं दहा शब्दांचं एक वचन म्हणत ते एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत. दहावा शब्द तोंडातच राहिला.

धाकटीचा चेहरा उतरला. तिचे बाबा जाऊन महिना झाला होता. ज्यू घरात बाप गेला की मुलांनी अकरा महिने रोज त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायची, आणि दहा माणसं जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही. विद्यापीठातल्या या तळमजल्यावरच्या खोलीत मुलीही दहांत धरत, म्हणून निदान धाकटीला म्हणता येत होती. आजवर एकही दिवस चुकला नव्हता. पण दूर ज्यूंच्या देशात युद्ध पेटलं होतं, त्याचा राग इथल्या ज्यूंवर निघत होता आणि भीतीनं एकेक जण गळत चालला होता. कुणाला सर्दी झाली, कुणाची परीक्षा अचानक जवळ आली.

दारावर कुणीतरी लाल रंगानं ‘परत जा’ असं लिहून ठेवलं होतं. कुठे परत जा? धाकटीचा जन्म दोन चौक पलीकडच्या इस्पितळातला! कुलसचिवांचंही पत्र आलं होतं : आपल्या सुरक्षिततेसाठी खोली काही आठवडे बंद ठेवावी. धाकटीनं पत्राची घडी घालून ती डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल तेव्हापासून हलत नव्हतं.

“आज राहू दे, पोरी,” काका म्हणाले. “बाबा समजून घेतील.”

“मी नाही समजून घेणार. थांबू या.”

बाहेर गेटवर घोषणा चालल्या होत्या. त्या घोळक्यात तिचा सख्खा थोरला भाऊ होता. तोही इथेच शिकत होता. बाबांच्या दफनाहून परतल्यावरच दोघांचं वाजलं होतं. तिकडे मुलं मरताहेत आणि तुम्ही दारं लावून पुटपुटत बसणार, असं त्यानं तोंडावर सुनावलं. तिकडे आपली मावशीही तळघरात झोपतेय, असं तिनं उलट सुनावलं. तेव्हापासून अबोला होता.

दार उघडलं. दादा उभा होता. ‘युद्ध थांबवा’ असा फलक त्यानं भिंतीला टेकवून ठेवला.

“मला धरा,” तो म्हणाला.

खोलीत चुळबुळ झाली. “आपल्याविरुद्ध बोंबलणाऱ्याला आपल्यात धरायचं?” काकांनी विचारलं.

“तुमच्याविरुद्ध नाही, युद्धाविरुद्ध.”

“दारावर काय लिहिलंय ते वाचलंस ना?”

धाकटीच पुढे आली.

“बाबांना दोन मुलं होती, काका. दोन्ही धरा.”

काकांनी घसा खाकरला आणि वचन पहिल्यापासून म्हटलं. या खेपेला शब्द पुरले. धाकटीनं खिडकी सताड उघडली आणि गेटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना म्हटली. दादाचं ‘आमेन’ सगळ्यांत बेसूर होतं, अगदी बाबांसारखं. तिला रडू आलं, पण तिनं एक शब्द गाळला नाही.

संपल्यावर दादानं फलक उचलला. “उद्याही मी गेटवरच असणार.”

“अस की. मीही तुझ्या नाकासमोरून इथेच येणार. आणि मी तुला माफ केलंय असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“मग आज कसा उगवलास?”

“गेटवरून रोज मोजतो मी,” दादा म्हणाला. “दहा जण आत गेले की मगच घोषणेला तोंड उघडतो. आज नऊच गेले.”