आधी गहू गेला

जमिनीत वाढत चाललेल्या मिठाबद्दल तोंड मिटून बसला, तर नचिकेत आगाशेला महासंघाचं नागरिकत्व आणि मुख्य अभियंत्याची खुर्ची मिळणार होती. महासंघाने समुद्राचं पाणी गोड करून वाळवंटात शेती फुलवली होती, आणि तिथल्या मातीची तपासणी नचिकेतकडे होती.

मावशी जेवायला आली होती. बुडालेली साम्राज्यं उकरण्यात तिचा जन्म गेलेला. "पोळी नाही का रे?"

"गहू येत नाही हल्ली. जवाची भाकरी खा, तब्येतीला चांगली."

"चार हजार वर्षांपूर्वी इराकातल्या सुमेरमध्ये हेच झालं. पाणी पाजून पाजून जमिनीतलं मीठ वर आलं. आधी गहू गेला, मग जव, मग माणसं."

"त्यांच्याकडे आमची यंत्रं कुठे होती, मावशी?"

"नव्हती ना! म्हणून तर त्यांना शेकडो वर्षं लागली."

नचिकेत हसला आणि त्याने तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"शमाला तरी सांग," मावशी म्हणाली. शमा त्याची धाकटी बहीण. त्याच्याच शब्दावर तिने तिथं जमीन घेतली होती.

"तिला सांगितलं की गावभर होईल."

पुढच्या हंगामात जवही उगवले नाहीत. महासंघाने यंत्रं उचलून दुसऱ्या वाळवंटात नेली आणि नचिकेतला खुर्चीसकट सोबत नेलं. पांढऱ्या पडलेल्या जमिनीवर पाणी बंद झालं, तेव्हा तिथं शमा होती, तिची दोन मुलं होती, आणि नचिकेतच्या शब्दावर आलेली अख्खी वस्ती.