फ्लेक्सवरचा पदवीधर

तुरुंगातल्या माणसांना पदवीपर्यंत शिकताना काय अडचणी येतात, यावर मिनल पीएच.डी. करत होती. जन्मठेप भोगता भोगता बी.ए. झालेला रणजीत हा तिचा लाडका कैदी. त्याचा गुन्हा काय, हे विचारणं तिला अशिष्ट वाटे. "मॅडम, शिक्षणाशिवाय माणूस म्हणजे जनावर," हे त्याचं वाक्य मात्र तिनं प्रबंधाच्या पहिल्याच पानावर घेतलं होतं.

तो पॅरोलवर सुटला, तेव्हा ती महाळुंग्याला त्याच्या गावी गेली. भावकीनं चौकात त्याचा भलामोठा फ्लेक्स लावला होता. डोक्यावर फेटा, डोळ्यांवर गॉगल आणि खाली 'पदवीधर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्याच्याच सावलीत, आपल्या रोजच्या जागेवर, शालनबाई मेथीच्या जुड्या विकत बसल्या होत्या.

"मावशी, ओळखता का यांना?" फ्लेक्सचा फोटो काढत मिनलनं विचारलं.

"जावई हाय माझा."

"अरे वा! मग किती अभिमान वाटत असेल तुम्हाला!"

शालनबाई फ्लेक्सकडं बघून पचकन थुंकल्या.

&nbsp;

"माझ्या पोरीनं लग्नानंतर कॉलेजात नाव घातलं, म्हणून तर ह्यानं तिचा गळा दाबला."